डॉक्टर म्हणतात रोज चाला, पण चालायचं कुठे? पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथचं प्रकरण

मागच्या वर्षी बाबांचा शुगरचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आणि कागदाच्या तळाशी नेहमीचं वाक्य लिहिलं, रोज ४५ मिनिटं चालणे. बाबा ७१ वर्षांचे, सांगितलेलं ऐकणारा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बूट घालून निघाले आणि वीस मिनिटांत परत आले. मी म्हटलं, काय हो बाबा, बरं वाटत नाहीये का? तर म्हणाले, "बरं वाटतंय रे, पण चालू कुठे? निम्मा वेळ गाड्या बघण्यातच जातो."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. सोसायटीच्या गेटपासून मुख्य चौकापर्यंत जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता, आणि तेवढ्यात आम्हाला फुटपाथवरून अकरा वेळा खाली उतरावं लागलं. एके ठिकाणी विजेची डीपी, मग एक टपरी, मग ओळीने लावलेल्या दुचाक्या, मग ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण वर आलेलं, मग कुणाच्या तरी बांधकामाची वाळू, आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ एकदम तुटलेला. खाली उतरायचं म्हणजे पाऊण-एक फुटाची पायरी उतरायची, गाड्यांमधून चार पावलं जायचं आणि परत तेवढंच वर चढायचं. ज्याचे गुडघे दुखतात त्याने हे अकरा वेळा करायचं. सातव्या-आठव्या वेळेनंतर बाबा फुटपाथवर चढेनातच, सरळ रस्त्याच्या कडेने चालायला लागले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण जे नेहमी म्हणतो ना, लोकांना शिस्त नाही, फुटपाथ असून रस्त्यावरून चालतात, ते का चालतात.

त्यानंतर काही महिने मी या विषयाच्या मागेच लागलो, आणि पुण्यातच एक उदाहरण असं आहे की जे नीट समजून घेतलं तर महापालिका लोकांच्या तब्येतीसाठी काय करू शकते आणि कुठे कमी पडते हे दोन्ही दिसतं. ते म्हणजे जंगली महाराज रस्ता, आपला जेएम रोड. आज तेच सविस्तर लिहितोय, लांब होईल, पण वाचा.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मजा नाही. जेएम रोड महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे तो खड्डे न पडलेला रस्ता म्हणून. सत्तरच्या दशकात पावसाने पुण्याच्या रस्त्यांची चाळण झाली होती, तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष होते श्रीकांत शिरोळे. मुंबईतले रस्ते टिकतात तर आपले का टिकत नाहीत म्हणून त्यांनी चौकशी केली आणि मुंबईच्या रेकॉन्डो नावाच्या कंपनीला हा रस्ता करायला दिला. कंपनीने दहा वर्षांची गॅरंटी दिली, १९७६ च्या सुरुवातीला रस्ता पूर्ण झाला आणि दहा सोडा, पुढची कितीतरी वर्षं त्यावर खड्डा पडला नाही. पुणेकर अजून ही गोष्ट अभिमानाने सांगतात आणि सांगायलाच पाहिजे. पण मला त्यात आता एक वेगळीच गोष्ट दिसते. गाडीच्या चाकाखालच्या डांबराला १९७६ मध्ये गॅरंटी मिळाली, आणि त्याच रस्त्यावर पायी चालणाऱ्या माणसाला धड फुटपाथ मिळायला २०१७ उजाडलं. म्हणजे एक्केचाळीस वर्षं. आणि ही परिस्थिती शहरातल्या सगळ्यात चांगल्या रस्त्याची.

मधल्या काळात शहराचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं पुणे दुचाकींचं झालं, आणि २०१८ मध्ये तर बातमी आली की शहराची लोकसंख्या साधारण ३५ लाख आणि नोंदणी झालेली वाहनं ३६ लाखांच्या वर, म्हणजे माणसांपेक्षा गाड्या जास्त. माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक पेठेतून कॅम्पात सायकलवर कामाला जायचे, त्यांना व्यायाम वगैरे शब्द वापरावा लागला नाही, तो दिवसभराच्या कामातच होऊन जायचा. दूध आणायला चालत, मंडईत चालत, देवळात चालत. आता दूध घरपोच येतं आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायला पण ॲक्टिव्हा काढतो आपण, आणि मग संध्याकाळी चालण्यासाठी वेगळा वेळ काढायचा, तो काही निघत नाही.

आता तब्येतीचा भाग. यात पुण्याचाच एक संबंध आहे जो फार लोकांना माहीत नाही. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं भारतीय माणसाच्या मधुमेहावर काम करतायत. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या हिशेबात दोघंही फिट. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबी, याला ते थिन-फॅट म्हणतात. यामागे आईच्या पोटातल्या पोषणापासूनची कारणं आहेत, तो मोठा विषय आहे, पण व्यायाम नसणं हेही त्यात आहेच, युडकिन पळायला जायचे. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे मी बारीक आहे म्हणून निर्धास्त होतो ते चुकलंच. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभराचा अभ्यास आला त्यात भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे असं निघालं, मोठ्या माणसांमध्ये ११.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटना सांगते आठवड्याला किमान १५० मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल असा व्यायाम. आठवड्याचे पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चाललं तरी झालं. याला जिम लागत नाही, मेंबरशिप लागत नाही, प्रोटीनचा डबा लागत नाही, फक्त सलग जागा लागते.

आणि ही जागा देणं कुणाच्या हातात आहे? डॉक्टरांच्या नाही, आरोग्य विभागाच्या पण नाही. महापालिकेच्या पथ विभागाच्या आहे. हे एकदा डोक्यात आलं की मग सगळं प्रकरण वेगळं दिसायला लागतं. म्हणजे मधुमेहाच्या कागदावर डॉक्टर जे औषध लिहून देतात ते औषध तयार करायचा कारखाना पथ विभागात आहे, आणि तिथल्या ज्युनिअर इंजिनिअरला कुणी कधी सांगितलेलंच नाही की बाबा रे तू जो फुटपाथ मोजतोयस त्यावर कुणाची तरी शुगर अवलंबून आहे.

तर २०१६ मध्ये काय झालं. कुणाल कुमार तेव्हा आयुक्त होते. महापालिकेने रस्त्यांच्या डिझाइनची नियमावली आणली, पादचारी धोरण केलं आणि शहरातले साधारण १०० किलोमीटर रस्ते नव्याने आखायचे असं ठरवलं, त्यासाठी आर्किटेक्ट नेमले. सुरुवात जेएम रोडवर, संभाजी बाग आणि बालगंधर्व रंगमंदिराच्या भागातून. पहिला टप्पा २०१७ मध्ये लोकांसाठी खुला झाला. पुढे फर्ग्युसन रोडवरही काम झालं, औंधमध्ये स्मार्ट सिटीकडून झालं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की रुंद फुटपाथला जागा आली कुठून. कारण कुठल्याही मीटिंगमध्ये फुटपाथचा विषय काढला की पहिलं वाक्य हेच येतं, अहो पण जागा आहे कुठे. जेएम रोडवर एक घर पाडलं नाही, एक दुकान मागे सरकवलं नाही. रस्ता एका मापाचा नव्हता, काही ठिकाणी ऐसपैस तर काही ठिकाणी अरुंद. आता गाड्यांचं असं असतं की जिथे अरुंद आहे तिथूनच किती गाड्या पुढे जाणार ते ठरतं, मधल्या ऐसपैस जागेचा वाहतुकीला काही उपयोग नसतो, तिथे फक्त गाड्या येऊन उभ्या राहतात आणि पुढे गेल्यावर परत कोंडतात, बाटलीच्या तोंडासारखं. मग डिझाइन करणाऱ्यांनी गाड्यांसाठी सगळीकडे सारखी रुंदी ठेवली आणि उरलेली जागा कडेला दिली. दुसरं म्हणजे तिरकं पार्किंग काढून रस्त्याला समांतर पार्किंग केलं. एवढंच. त्यातून जो फुटपाथ निघाला त्यावर चार माणसं शेजारी शेजारी गप्पा मारत चालू शकतात.

झाडं तोडली नाहीत, जुनी झाडं फुटपाथच्या मध्ये आली आणि त्यांच्याभोवती बसायला कट्टे झाले. लहान मुलांसाठी खेळायच्या वस्तू बसवल्या, चक्क फुटपाथवर. भारतीय रस्ते काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिचं मानक असं आहे की पायी चालणाऱ्यासाठी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर पाहिजे आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे सहा इंच. सहा इंच का, तर म्हाताऱ्या माणसाला चढता यावं म्हणून. आमच्याकडची ती पाऊण-एक फुटाची पायरी आठवा आता.

आता मी प्रत्यक्ष काय बघितलं ते सांगतो. बाबांना घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच-सहा वाजले असतील. पीएमपीच्या बसने डेक्कनला उतरलो आणि बालगंधर्वच्या दिशेने चालायला लागलो. सुरुवातीला बाबा खाली बघत चालत होते, सवयीने, पायाखाली काय येतंय ते बघत. संभाजी बागेच्या अलीकडे कुठेतरी त्यांनी मान वर केली. एवढीशी गोष्ट आहे पण मला ती फार लागली मनाला. माणूस मान वर करून चालतो म्हणजे त्याला जमिनीवर विश्वास बसलेला असतो. मग ते झाडांकडे बघायला लागले, हे कुठलं रे, पर्जन्यवृक्ष दिसतोय, मग बालगंधर्वच्या बाहेरचे नाटकांचे बोर्ड वाचले, मग एका कट्ट्यावर पाच मिनिटं टेकले आणि परत उठले. घरी आल्यावर मोबाईलमध्ये बघितलं तर साडेतीन किलोमीटर चालून झालं होतं आणि त्यांना वाटलं फार तर दीड झालं असेल. त्या दिवशी "चला बाबा, व्हायचंय अजून" असं एकदाही म्हणावं लागलं नाही.

त्या कट्ट्यांवर कोण बसतं ते पण बघा कधीतरी. एमपीएससीची पोरं-पोरी झेरॉक्स घेऊन बसलेली असतात, नाटकाला आलेले आजी-आजोबा असतात, दुकानातल्या मुली सुट्टीत डबा खात असतात. बायका तिथे नुसत्या बसू शकतात, काही विकत न घेता, कुणाची वाट बघत नसताना पण. आपल्याकडे बाईने सार्वजनिक जागी नुसतं बसणं किती अवघड आहे ते बायकांना विचारा. माझी बहीण म्हणते, रात्री साडेआठला तिथून चालताना भीती वाटत नाही कारण माणसं असतात. उजेड आणि माणसं असली की बाई चालते, आणि बाई चालली की अजून बायका चालतात. जॉगिंग ट्रॅकपेक्षा हे मोठं आहे असं माझं मत आहे, कारण जॉगिंग ट्रॅकवर तोच जातो ज्याने ठरवलंय व्यायाम करायचा. रस्त्यावर सगळेच असतात.

पण आता दुसरी बाजू, ती लपवून उपयोग नाही. फुटपाथ रुंद झाला की दुचाकीवाल्यांना तो शॉर्टकट वाटतो. ट्रॅफिक तुंबलं की एक चढतो, त्याच्यामागे पाच चढतात. खांब लावले तर दोन खांबांच्या मधून काढतात, आणि खांब जवळ लावले तर व्हीलचेअर जात नाही, म्हणजे शिक्षा परत चालणाऱ्यालाच. सायकल ट्रॅकवर सायकल सोडून सगळं दिसतं. फरशा उखडतात, खेळण्याची एखादी वस्तू मोडते. उद्घाटनाला जेवढा उत्साह असतो त्याच्या एक दशांश जरी देखभालीला असता तरी चाललं असतं. बजेटमध्ये नवीन कामाला पैसे मिळतात, फरशी परत बसवायला मिळत नाहीत, कारण फरशी बसवल्याचा फ्लेक्स लागत नाही. मला याचा खरंच राग येतो.

आणि मुळात गोष्ट अडली ती पार्किंगवर. फुटपाथ वाढवायचा तर गाड्या कुठेतरी जायला पाहिजेत, आणि गाड्या तेव्हाच कमी येतील जेव्हा उभ्या करायला पैसे पडतील. २०१८ मध्ये पुण्यात पार्किंगचं धोरण आलं, रस्त्यावर गाडी लावायची तर तासाप्रमाणे पैसे द्या. केवढा गदारोळ झाला! शेवटी काटछाट होऊन ते प्रायोगिक म्हणून फक्त पाच रस्त्यांपुरतं मंजूर झालं आणि ते पण नीट अमलात आलं नाही. म्हणजे शहराने चालणाऱ्याला जागा दिली, पण गाडीला जी फुकटची जागा मिळत होती ती काढून घ्यायची हिंमत केली नाही. ज्या शहरात एका खोलीचं भाडं दहा हजार आहे तिथे गाडीला रस्त्यावरची शंभर स्क्वेअर फूट जागा फुकट, यावर कुणी बोलत नाही. माझ्याकडेही गाडी आहे आणि मी पैसे द्यायला तयार आहे, मिळालेल्या पैशातून फुटपाथ होत असेल तर आनंदाने.

सायकलचं पण तेच झालं थोडंफार. २०१७ च्या शेवटी महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, शहरभर शेकडो किलोमीटरचे सायकल मार्ग. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, मोबाईलवरून कुलूप उघडायचं, अर्ध्या तासाला अगदी थोडे पैसे. मी स्वतः वापरल्या, ऑफिसातली बरीच जणं वापरायची, पोरं तर वेडी झाली होती. दीड-दोन वर्षांत सगळं गुंडाळलं गेलं. सायकली मोडल्या गेल्या, चोरीला गेल्या, नदीपात्रात सापडल्या. सगळे म्हणतात लोकांनी वाट लावली. ते अर्धं खरं आहे, पण उरलेलं अर्धं असं की सायकल दिली आणि ती चालवायला सुरक्षित रस्ता नंतर बघू म्हटलं. क्रम उलटा झाला. आधी रस्ता पाहिजे होता. कोण आई आपल्या पोराला दुचाक्यांच्या त्या लोंढ्यात सायकल घेऊन सोडेल? देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातात ३२,८२५ पायी चालणारी माणसं गेली, सरकारी आकडा आहे. पायी चालणारी! अशा परिस्थितीत लोक चालत नाहीत म्हणून त्यांना आळशी म्हणणं मला पटत नाही.

आता खाण्याचं. तुम्ही म्हणाल फुटपाथचा आणि खाण्याचा काय संबंध, पण आहे, आणि फार जवळचा आहे. आईने मला हे शिकवलं. बाबा चालायला लागले तसं घरात भाजी जास्त यायला लागली, कारण चालत परत येताना वाटेत भाजीवाल्या मावशी बसतात, त्यांच्याकडे संध्याकाळी मेथी, चवळी, अंबाडी असं काय काय असतं आणि चालणारा माणूस थांबतो. गाडीवरचा थांबत नाही, तो सरळ मॉलमध्ये नाहीतर ॲपवर. म्हणजे पालेभाजी आपल्या पोटात जाणार की नाही हे बऱ्याच वेळा आपण घरी कसे पोचतो यावर ठरतं.

म्हणून फुटपाथ मोकळा करायचा म्हणजे सगळे पथारीवाले उचलून न्यायचे, या विचाराच्या मी विरोधात आहे. अतिक्रमणाची गाडी येते, मावशींची टोपली आणि वजनकाटा उचलून नेते, आणि शेजारीच फुटपाथवर उभी असलेली चारचाकी तशीच राहते. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात सर्वेक्षण करा, सर्टिफिकेट द्या, जागा आखून द्या, असं स्पष्ट लिहिलंय, आणि जी नगर पथविक्रेता समिती करायची त्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच हवेत असंही आहे. रुंद फुटपाथ आखतानाच जर भिंतीकडेच्या बाजूला नाहीतर झाडांच्या ओळीत भाजी-फळवाल्यांची जागा आखली तर चालायची पट्टी मोकळी राहते आणि भाजी पण राहते. आणि जागा देताना महापालिकेला निवडीचा अधिकार आहे ना, तर शाळेच्या गेटसमोर पहिला नंबर फळं, उकडलेल्या शेंगा, भाजलेलं कणीस, ताक यांना द्या. भेळ पण चालेल, चुरमुरे, कांदा, टोमॅटो, कैरी, त्यात वाईट काय आहे. संभाजी बागेला जाऊन भेळ न खाता यायचं हे आमच्या बाबांना जमतच नाही आणि मी पण अडवत नाही, शेव कमी टाकायला सांगतो फक्त.

शाळांचं म्हणाल तर राज्य सरकारने मे २०१७ मध्ये आदेश काढला की शाळेच्या कॅन्टीनमध्ये जास्त मीठ, साखर, चरबी असलेले पदार्थ, वेफर्स, कोल्ड्रिंक, पिझ्झा वगैरे विकायचे नाहीत. आदेश चांगला आहे. पण तो गेटच्या आतपुरता. गेटच्या बाहेर तीन फुटांवर काय विकलं जातं ते महापालिकेच्या हातात, आणि आतमध्ये प्यायच्या पाण्याचा नळ चालू आहे का ते पण, निदान महापालिकेच्या शाळांमध्ये. पोराला तहान लागली आणि नळाला पाणी नसेल तर ते दहा रुपयांचं रंगीत पाणीच घेणार. मुलाच्या दप्तरात बाटली भरून द्यायची आठवण सगळ्यांना असते, पण ती अकरा वाजता संपते.

अजून एक चांगली गोष्ट म्हणजे शेतकरी आठवडे बाजार. पुण्यात वेगवेगळ्या भागात ठरलेल्या दिवशी भरतात, शेतकरी नाहीतर त्यांचे गट थेट माल आणतात. याला महापालिकेने द्यायचं काय तर एक मोकळी जागा, पाणी, कचऱ्याची सोय आणि संध्याकाळी उजेड. आमच्याकडे एक भरतो, चालत बारा मिनिटं. आई तिथे जाते, पण एकटी जात नाही, दोन मैत्रिणी बरोबर घेते कारण वाटेत एक मोठा चौक ओलांडायचा आहे आणि सिग्नल चालणाऱ्याला पुरेसा वेळ देत नाही. ६८ वर्षांच्या बाईला दोन पिशव्या घेऊन तेवढ्या सेकंदात पलीकडे जाता येत नाही. सिग्नलची वेळ वाढवायला एक पैसा खर्च नाही. आणि त्या वाढलेल्या पंधरा सेकंदांनी आमच्या घरात आठवड्याची भाजी येणार की नाही ते ठरतं, इतकं साधं गणित आहे.

बागांबद्दल पण एक. पुण्यात महापालिकेच्या दोनशेहून जास्त बागा आहेत, ओपन जिमची यंत्रं कितीतरी ठिकाणी बसलीयत, चांगलंच आहे. पण बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, आणि घरकाम करणाऱ्या, मुलांचं आवरणाऱ्या बाईला मोकळा वेळ मिळतो तो नेमका दुपारी. आणि वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती ही तर शहराची फुकटची व्यायामशाळा, पहाटे साडेपाचला जाऊन बघा. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरून रस्ता नको म्हणून लोक रस्त्यावर उतरले ते काही फक्त झाडं-पक्ष्यांसाठी नव्हतं, त्यात रोज टेकडी चढणारी साठीच्या पुढची माणसं किती होती. पण टेकडी ज्याच्या घराजवळ आहे त्यालाच मिळते. हडपसरच्या पुढे राहणारा माणूस रोज वेताळ टेकडीवर येऊ शकत नाही. फुटपाथ मात्र प्रत्येकाच्या दारापासून सुरू होऊ शकतो, म्हणून मी फुटपाथलाच धरून बसलोय.

दुकानदारांची एक भीती असते, गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक येणार नाही. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने लक्ष्मी रोडचा एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद केला, पादचारी दिन म्हणून, आणि त्यानंतर दरवर्षी करतात. मी एका वर्षी गेलो होतो मुलीला घेऊन. ती लक्ष्मी रोडच्या बरोबर मधोमध फतकल मारून बसली, खडूने चित्र काढत, जिथे एरवी तिचा हात मी सेकंदभर सोडत नाही. आणि सगळी दुकानं उघडी होती, साड्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं होती. रस्ता गणपतीत गाड्यांना बंद असतोच की, तेव्हा कुठला व्यापार बुडतो. कोलंबियात बोगोटा शहरात १९७४ पासून हे सुरू झालं आणि आता दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना मोकळे असतात. आपल्याकडे वर्षातून एक दिवस आणि एक तुकडा आहे. महिन्यातून एक रविवार झाला तरी पोरांना सवय लागेल, मोठ्यांना पण. चेन्नईने तर २०१९ मध्ये पाँडी बाजारचा अख्खा रस्ता रुंद फुटपाथांचा केला, तो पण कपड्यांचा बाजारच आहे, लक्ष्मी रोडसारखाच.

मग जेएम रोड यशस्वी की अयशस्वी? मला विचाराल तर डिझाइन यशस्वी, सांभाळणं नापास. जागा नाही हे कारण खोटं होतं हे त्याने दाखवलं, आणि लोकांना चालायला आवडतं हे पण दाखवलं. पण तो अजूनही दाखवायचा रस्ता राहिलाय. बाहेरगावचे अधिकारी येतात, फोटो काढतात. चालणं हे काही बस पकडून जाऊन करायची गोष्ट नाही ना, आणि आम्ही तेच करतोय, चालायला जायचं म्हणून पाऊण तास प्रवासात. १०० किलोमीटर देखण्या फुटपाथपेक्षा मला दर वॉर्डात पाच किलोमीटर साधा, सलग, सहा इंचाचा, उजेड असलेला फुटपाथ चालेल. ग्रॅनाइट नको, कारंजं नको. डीपी हलवा, चेंबरची झाकणं एका पातळीत घ्या, गेटपाशी गाडीने फुटपाथवर चढून जायचं अशी रचना करा, म्हणजे चालणाऱ्याला उतरावं लागणार नाही.

बाबांचं म्हणाल तर शुगर एकदम नॉर्मल झाली असं काही नाही, गोळ्या चालू आहेत. पण आठवड्यातून दोनदा तरी ते आता जेएम रोडला जातात, आता मेट्रोने संभाजी उद्यानला उतरतात, आणि बाकीचे दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फेऱ्या मारतात. चाळीस फेऱ्या म्हणजे किती ते त्यांनी पावलांनी मोजून ठेवलंय.

पुण्यात नागरिकांना बजेटमध्ये कामं सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, ऑनलाइन पण भरता येतो. यावर्षी बाबांनी तो स्वतः भरला. गेट ते चौक, सगळ्या अकरा जागा ओळीने लिहिल्या, प्रत्येकाचा फोटो मी काढला, अंतर त्यांनी टेपने मोजलं, आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या सोळा ज्येष्ठांच्या सह्या घेतल्या. कामाचं नाव या रकान्यात त्यांनी लिहिलं, फुटपाथ सलग करणे. आणि कारण या रकान्यात, डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे.